कंपनी वाढवण्याची सभा

"खाली वाका," टिपणीसबाई म्हणाल्या, "नाहीतर आफ्रिका लागेल डोक्याला."

मी वाकेपर्यंत लागली होतीच. लागली म्हणजे नुसती टेकली. कागदाच्या लगद्याची पृथ्वी ती, तिचं वजन असून असून किती असणार! माझ्या कपाळावरून ती मागे झुलली, शेजारच्या पृथ्वीवर आपटली, ती तिच्या शेजारच्या पृथ्वीवर, आणि बघता बघता त्या लांबलचक शेडमध्ये दोऱ्यांना टांगलेल्या तीस-चाळीस पृथ्व्या आपापल्या परीने डुलायला लागल्या. काहींवर निळे समुद्र होते, काही अर्ध्याच होत्या, काही नुसत्या पांढऱ्या. छपरात मधे मधे बसवलेल्या काचांमधून ऊन खाली उतरत होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. मी होते तिथेच ओणवी उभी राहिले.

"थांबतील," बाई म्हणाल्या. "पण सगळ्या एकदम थांबत नाहीत. बसा तोवर."

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. कंपनी सेक्रेटरीची परीक्षा नुकतीच पास झाले होते आणि पुण्यात भागवत सरांच्या ऑफिसात लागले होते. एकटीने करायचं माझं हे पहिलंच काम. वाईची 'भूमंडल शैक्षणिक साधने प्रायव्हेट लिमिटेड' ही कंपनी रीतसर बंद करायची होती. लोकांना वाटतं, दाराला कुलूप लावलं की झाली कंपनी बंद. तसं नसतं. माणसं आपली आपण मरतात, कंपनी मात्र मरत नाही. तिच्यासाठी सभा लागते, ठराव लागतो, प्रतिज्ञापत्रं लागतात, तिच्या नावावर काही उरलेलं नाही हे दाखवावं लागतं, आणि मग सरकारी नोंदवहीतून तिचं नाव काढलं जातं. भागवत सर मात्र म्हणाले होते, "दोन डायरेक्टर, दोन सह्या, एक दिवसाचं काम. येताना वाईला जेवून ये."

टिपणीसबाई त्या दोन डायरेक्टरांपैकी एक. वय एकाहत्तर, शिडशिडीत, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला. वाईच्या मुलींच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं भूगोल शिकवला होता, आणि अजून बोलताना त्यांचं बोट हवेत कुठलंसं गाव दाखवायचं. लग्न केलं नव्हतं. दुसरे डायरेक्टर अंदुरे, बाजारातले कासार. त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं.

"कासार आणि भूगोल?" मी विचारलं.

"माझ्या वर्गातला पृथ्वीगोल इंग्रजी होता," बाई म्हणाल्या. "पॅसिफिक, अटलांटिक. मुली बिचाऱ्या नुसता रंग बघायच्या. एकदा बांगड्या भरताना अंदुऱ्यांपाशी मी तणतण केली, की मराठी अक्षरांचा गोल या देशात कोणी करत नाही. ते म्हणाले, गोल वस्तू व्हय? करू की." बाईंनी नक्कल बरी केली. मग स्वतःच गंभीर झाल्या. "शहाऐंशी साल. त्यांनी गोळे करायचे, मी नकाशे, हाताखाली दोन-तीन कामगार. नकाशाच्या बारा फाका छापायच्या, संत्र्याच्या असतात तशा, आणि एकेक जुळवून गोळ्यावर चिकटवायची. केसभर इकडे-तिकडे झालं तर नदी समुद्राला मिळत नाही. अंदुऱ्यांच्या हातून कधी चुकली नाही."

"पण त्यासाठी थेट प्रायव्हेट लिमिटेड? साधी भागीदारी करायची."

बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मी बिनलग्नाची, ते विधुर. भागीदारी म्हटलं असतं तर गावाने काय काय म्हटलं असतं! कंपनी म्हटलं की कोणी काही बोलत नाही."

आणि त्यांनी ट्रंकेतून सभांचं पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

असं पुस्तक मी त्यानंतर पुन्हा पाहिलं नाही. सभांची पुस्तकं कशी असतात ते मला चांगलं ठाऊक आहे. झोप येत नसेल तर उशाशी ठेवावीत. हे वेगळं होतं. दर महिन्याला सभा, हजर दोन माणसं. जो ठराव मांडेल त्याने तो आपल्या हाताने लिहायचा आणि दुसऱ्याने त्याखाली 'मान्य' किंवा 'अमान्य' लिहून सही करायची, अशी त्यांची पद्धत. 'ऑस्ट्रेलिया फार खाली गेली आहे, तरी ती अंदुरे यांनी जागेवर आणावी. मान्य.' 'समुद्राचा निळा रंग बाईंच्या मागच्या आठवड्याच्या लुगड्यासारखा असावा. अमान्य.' 'निळा रंग समुद्रासारखा असावा. मान्य, पण समुद्र पाहिलेला नाही.' 'अंदुरे यांना समुद्र दाखवण्यासाठी कंपनीने एक दिवस श्रीवर्धनला जावे. मान्य.'

त्या दुपारी बाईंनी मला पिठलं-भाकरी वाढली आणि मी ते पुस्तक वाचता वाचता चटईवर चक्क डुलकी काढली. जाग आली तेव्हा उन्हाचा चौकोन सरकून दुसऱ्याच पृथ्वीवर गेला होता. वाऱ्याने ती संथपणे फिरत होती, तिचा एकेक देश उजेडात येत होता आणि मागे जात होता. मी जागी आहे की झोपेत, ते मला थोडा वेळ कळेना. इतकं शांत मला त्या वर्षात कुठेच वाटलं नव्हतं.

पुस्तकाचं शेवटचं हस्तलिखित पान दोन हजार तीन सालचं होतं. ठराव अंदुऱ्यांच्या अक्षरात, पण ते अक्षर एसटीत बसून लिहावं तसं हललेलं. 'कंपनी आता वाढवावी. असे मला वाटते. मु. वि. अंदुरे.' आणि खाली बाईंचं रेखीव, 'मान्य. प्र. टिपणीस.'

त्याच्या पुढे एकाही पानावर हाताने लिहिलेलं काही नव्हतं. अकाउंटंटने दरवर्षी टाइप करून चिकटवलेले कागद होते, न झालेल्या सभांचे. त्यावर दोघांच्या सह्या होत्या, वेगवेगळ्या शाईतल्या.

"इथे काय झालं?" मी विचारलं.

बाई एका पांढऱ्या गोळ्यावरची धूळ पदराने पुसत होत्या. बराच वेळ पुसत राहिल्या.

"मला काही वाढवायची नव्हती," त्या म्हणाल्या. "आहे तेवढी पुरे होती मला. पण अंदुऱ्यांनी सतरा वर्षांत स्वतःसाठी मागितलेली ही एवढी एकच गोष्ट. मी हो म्हटलं. शाळेतून वेळेआधी निवृत्ती घेतली, पूर्ण वेळ द्यायला. माझ्या या जागेत दुसऱ्या शेडचा पाया खणला, विटा आणल्या. त्या दिवशी अंदुरे आले, विटांकडे पाहिलं आणि दारातूनच परत गेले. पुन्हा आले नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"निरोप पाठवला. उलट निरोप आला, माझं काम संपलं. मग मी का विचारायचं? ते गेले, मी नाही." त्यांनी गोळा सोडला, तो हलला. "पोस्टात जायचा माझा रस्ता त्यांच्या दुकानावरून. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी गल्ल्यामागची खुर्ची फिरवून घेतली. रस्त्याकडे पाठ. चौदा वर्षं मी त्यांची पाठ बघते आहे."

मी काहीतरी पुटपुटले. बाई त्यांच्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "अठ्ठावीस तारखेला मी भोपाळला भाचीकडे जाते आहे. कायमची. गुडघे गेले, एकटीने होत नाही आता. जाण्याआधी कंपनीचं उरकायचंय, म्हणून तुम्हाला बोलावलं. आणि खरं सांगायचं तर मला त्यांना एकदा विचारायचंय, का गेलात? एवढंच. ते कळल्याशिवाय गेले तर तिकडे मला चैन पडायची नाही."

एवढं बोलून त्या लगबगीने चहा टाकायला गेल्या.

संध्याकाळी मी भागवत सरांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, सभा कोण घेतं खरी? बाईंची सही घे, अंदुऱ्यांची त्यांच्या दुकानात जाऊन घे, संपलं." मी म्हणाले, कायद्यात सभा लिहिलीय तर सभा होईल. ते म्हणाले, "केतकी, तू फार शहाणी आहेस." ते कौतुक नव्हतं. पण मी तेव्हा तशीच होते, आणि नियमाचं मी फक्त निमित्त केलं होतं हे सरांना काय सांगणार?

अंदुऱ्यांचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. मी आत शिरले तर गल्ल्यामागे एक पाठ दिसली, पांढरा सदरा आणि काळी टोपी. खुर्ची खरंच उलटी होती. समोर भिंतभर आरसा, बायकांना हात उंचावून बांगड्या बघता याव्यात म्हणून लावलेला.

"या की," पाठ म्हणाली. "बसा. वनिता, पाणी आण गं."

वनिता त्यांची सून. मी त्यांच्या खुर्चीशेजारच्या बाकावर बसले आणि सांगितलं की मी कोण, कशासाठी आले.

"सही व्हय?" ते वळले. चेहरा मोठा, भुवया पांढऱ्याशुभ्र. "करतो की. कुठं करायची?"

"सही नको काका, सभा आहे. तुम्ही आणि बाई, समोरासमोर."

"सभा कशाला? सही घे आन जा. बाईंना माझं तोंड बघायचं न्हाई, मला ठावं हाय. मी एकदा बोललो मनातलं, त्यांनी ऐकलं न्हाई. झालं." मग माझ्या मनगटांकडे पाहून त्यांना वाईट वाटलं. "काय गं हे पोरी, मोकळे हात! कासाराच्या दारातनं मोकळ्या हातानं जात्यात व्हय? दे इकडं."

"मामंजी, मी भरते," वनिता म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. पोरीचा हात मऊ हाय, जमंल मला."

त्यांनी माझा हात धरला, अंगठ्याखाली दाबला, आणि हिरव्या बांगड्या एकामागून एक चढवायला लागले. त्यांचा हात थरथरत होता. वय झालंय, असं मी मनात म्हटलं आणि आरशात बघत बसले. त्यांच्या शेजारी बसल्यावर त्या आरशात सगळा रस्ता दिसत होता, भाजीवाल्या, रसवंती, चढ, अगदी वर पोस्टाच्या पायरीपर्यंत. तिथून कोण निघालं, कोण उतरलं, सगळं. मी त्या आरशात बघत राहिले आणि मला बाईंची आठवण झाली.

"काका," मी म्हणाले, "बाई चालल्या भोपाळला. अठ्ठावीसला. कायमच्या."

कट्‌ असा आवाज झाला. सहावी बांगडी माझ्या मनगटावर दोन तुकडे होऊन पडली.

"वाढली," ते म्हणाले.

"फुटली," मी म्हणाले. माझं मराठी पुस्तकी.

"फुटली म्हणू न्हाई. कासाराच्या दुकानात तर अजाबात न्हाई. बांगडी वाढती." हे ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते आरशात, वर, पोस्टाच्या दिशेला. वनिताने ओल्या फडक्याने तुकडे टिपले. त्या डाव्या हातात मग त्यांनी आणखी बांगडी चढवली नाही. उजव्यात सहा, डाव्यात पाच, असंच राहिलं.

"सभा किती वाजता?" त्यांनी विचारलं.

सात दिवसांची नोटीस द्यावी लागते. ते सात दिवस पुण्यात मी दुसरी काय कामं केली ते आठवत नाही. हाताने काही लिहायला घेतलं की बांगड्या वाजायच्या, आणि डोळ्यांसमोर त्या पृथ्व्या यायच्या, फिरताना. ऑफिसातल्या मुली विचारायच्या, काय गं, लग्न ठरलं का? मी म्हणायचे, नाही, कंपनी बंद करतेय.

सभेच्या दिवशी मी अकराला शेडमध्ये पोचले तर बाई कधीच्या तयार होत्या. इस्त्रीची साडी, केसांत अबोलीचा छोटासा गजरा. तो आपण मुद्दाम माळलेला नाही असा चेहरा. मधोमध एक टेबल, त्याच्या दोन बाजूंना दोन स्टुलं, आणि मला ट्रंक. टेबलावर दौत. पुस्तकात बॉलपेन चालत नाही म्हणाल्या.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दारात अंदुरे उभे राहिले. या उन्हात कोट घातला होता.

"खाली वा..." बाईंनी सवयीने सुरुवात केली.

पण ते आधीच वाकले होते. चौदा वर्षांनी आलेला माणूस, आणि वर न बघता तो बरोबर तिथे वाकला, बरोबर तिथे सरळ झाला, दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, आणि एकाही पृथ्वीला धक्का न लावता स्टुलाशी येऊन बसला. दोघंही माझ्याकडे बघायला लागले, कारण एकमेकांकडे बघायचं नव्हतं.

मी घसा खाकरून नोटीस वाचली. दोन्ही संचालक हजर आहेत असं म्हटलं. मग म्हणाले, "रीतीप्रमाणे मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं. टाइप केलेल्या सभा झालेल्याच नाहीत, तेव्हा मी शेवटची खरी झालेली सभा वाचते."

"वाचा," बाई म्हणाल्या.

मी पान उघडलं. "ठराव. कंपनी आता वाढवावी..."

आणि पानावर ठेवलेल्या माझ्या हातातल्या बांगड्या वाजल्या. डाव्या हातातल्या. पाच.

मी तिथेच थांबले. आठ दिवस ते पान आणि ती बांगडी मी दोन्ही बरोबर घेऊन हिंडत होते आणि माझ्या शहाण्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नव्हतं.

"थांबलीस का?" अंदुरे म्हणाले. "वाच की पुढचं. खाली मान्य लिवलंय का न्हाई? बाईंच्या हातानं?"

"लिहिलंय," बाई म्हणाल्या. "मी लिहिलेलं मी नाकारत नाही."

"मग विटा कशाला आणल्या?"

"विटा? म्हणजे काय? वाढवायची तर विटा नकोत?"

"वाढवायची तर विटा कशाला लागत्यात?"

आता ते एकमेकांकडे बघत होते. रागाने का होईना, बघत होते.

"काका," मी कसंबसं म्हणाले, "वाढवावी म्हणजे काय? तुमच्या मनात काय होतं?"

"म्हंजे काय म्हंजे? वाढवावी. पुरं आता. सांजच्याला दुकान वाढवतो, तशी."

कुठूनतरी वारा आला असावा. वरच्या एकदोन पृथ्व्या हळूच फिरल्या. बाईंनी दोन्ही हात टेबलावर टेकले.

"तुम्ही," त्या म्हणाल्या, "बंद करायची म्हणत होता."

"बंद कसं म्हणू?" अंदुऱ्यांचा आवाज चढला. "सतरा वर्सं हातानं उभी केलेली गोष्ट, तिला बंद म्हणायचं? तोंड झडंल माझं. आमच्यात दिवा वाढवत्यात, बांगडी वाढवत्यात, दुकान वाढवत्यात. बंद म्हणत न्हाईत."

"दुकान वाढवतात ते मला ठाऊक आहे, अंदुरे. मराठीच आहे मी. पण ही कंपनी होती. प्रायव्हेट लिमिटेड!"

"मला काय त्यातलं कळतंय? माझं दुकानच हुतं ते. तुमचं आन माझं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि ज्यासाठी हे सगळं चाललं होतं तो प्रश्न शेवटी विचारला. अगदी हळू विचारला.

"पण का? का बंद करायची होती तुम्हाला?"

अंदुऱ्यांनी कोटाच्या खिशातून उजवा हात काढला आणि टेबलावर ठेवला. तो हात गप्प राहत नव्हता. त्याच्याबरोबर टेबल हलायला लागलं, आणि दौतीचं झाकण बारीक किणकिणायला लागलं.

"तवाच सुरू झालं हुतं," ते म्हणाले. "आधी उलीसं. फाका जुळंनात. एकदा श्रीलंका चिकटवली ती थेट भारताला जाऊन टेकली. सोळा गोल तसं गेलं, शाळांचं पत्र आलं, तुमी म्हणालात कामगार धसमुसळं झाल्यात. कामगार न्हवं बाई, मी. तुमी इतकं सुंदर नकाशं काढायचं आन मी ते नासायला लागलो. लाज वाटली. हात गेला म्हणून सांगू कसं तुमाला? म्हणून मग लिहून दिलं, आता वाढवावी. तुमी मान्य केलं. मी घरी जाऊन पैल्यांदा नीट झोपलो. आन महिन्याभरानं बघतो तर विटा! म्हटलं, बाईंना कळलं आपला हात गेलाय. आता नवी शेड, नवी मानसं. आपली गरज सरली."

"अहो," बाई म्हणाल्या, आणि तो 'अहो' त्यांच्या तोंडून कसा आला ते त्यांनाही कळलं नसावं, "ती श्रीलंका बघूनच तर मी मान्य लिहिलं. मला वाटलं, काम फार पडतंय तुम्हाला. स्वतःहून सांगायचे नाहीत, म्हणून वाढवा म्हणताहेत. हाताखाली आणखी माणसं आली की अंदुऱ्यांना विसावा मिळेल. त्यासाठी आणल्या मी विटा. तुमच्यासाठी."

त्यांनी आपला हात अंदुऱ्यांच्या हातावर ठेवला, तो थांबवायला. तो थांबला नाही. उलट बाईंचाही हात हलायला लागला, आणि दौतीचं झाकण आणखी जोरात किणकिणलं. मला रडू फुटलं. इतिवृत्तात त्याची नोंद नाही.

बऱ्याच वेळाने बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "केतकीबाई, कामाचं बोला. ठराव राहिला."

इंग्रजी ठराव मी टाइप करून आणला होता. सरकारला तो लागतो. त्यावर दोघांनी सह्या केल्या. पण पुस्तकातलं पान राहिलं होतं, आणि त्यावर काय लिहायचं ते मला सुचेना. 'कंपनी बंद करण्यात यावी' असं लिहायला माझी लेखणी उचलेना.

बाईंनी पुस्तक माझ्यापुढून ओढलं आणि अंदुऱ्यांपुढे सरकवलं. "ठराव मांडणाऱ्याने लिहायचा. आपली पद्धत आहे. मांडा."

त्यांनी टाक दौतीत बुडवला. ते एक वाक्य लिहायला त्यांना किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं नाही. छपरातल्या काचेखालचा उन्हाचा तुकडा तेवढ्यात टेबलाच्या एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत गेला. त्यांना मदत करावी असं आम्हा दोघींपैकी कोणालाही वाटलं नाही. शेवटी त्यांनी टाक खाली ठेवला. अक्षरं जास्तच हललेली होती, शब्द मात्र तेच होते. कंपनी आता वाढवावी. असे मला वाटते.

बाईंनी ते वाचलं. खाली लिहिलं, मान्य.

"या वेळी समजून," त्या म्हणाल्या.

मी पुण्याला परतले. प्रतिज्ञापत्रं झाली, कागद गेले. चार-पाच महिने कधी हा खुलासा, कधी तो खुलासा, असं चालत राहिलं. मग एके दिवशी दुपारी पत्र आलं की 'भूमंडल शैक्षणिक साधने प्रायव्हेट लिमिटेड' हे नाव नोंदवहीतून काढण्यात आलं आहे आणि ही कंपनी आता अस्तित्वात नाही. त्यानंतर मी कितीतरी कंपन्यांची अशी पत्रं हातात धरली. त्या पत्राइतका वेळ कुठल्याच पत्राकडे बघत बसले नाही.

मी आधी भोपाळचा नंबर लावला. भाचीने फोन घेतला.

"मावशी?" ती म्हणाली. "ती आलीच नाही. अठ्ठावीसला तिकीट रद्द केलं. गुडघ्यांचं विचारलं तर म्हणते, पोस्टापर्यंत जाता येतं, तेवढं पुरे."

मग मी दुकानाचा नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर कोणीतरी उचलला. मागे बांगड्यांचा आणि रस्त्याचा आवाज येत होता.

"अंदुरे बोलतोय."

"काका, केतकी. पुण्याहून. पत्र आलं." आणि मला एकदम कळलं की पुढचा शब्द मला येतो. "कंपनी वाढली, काका."

मग त्यांनी फोन तोंडापासून लांब धरला असावा, कारण आवाज लांबून आला, आणि मोठा आला.

"बाई, ऐकलंत का? कंपनी वाढली!"

आणि दुकानातच, अगदी शेजारच्या खुर्चीवरून यावा तसा, वर्गातला तो खणखणीत आवाज आला.

"मान्य!"